दुकान कुणाच्या भरवशावर? धंदेवाल्यांनी पहिल्या विपश्यना शिबिराची तयारी कशी करावी

मार्केट यार्डाच्या भुसार विभागात आमचा डाळ-तांदळाचा गाळा आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मी बघते. यार्डातली माणसं अधूनमधून मला गाठून विचारतात, "वहिनी, ते दहा दिवस मौनात राहून ध्यान शिकायचं विपश्यनेचं शिबिर करायचंय, पण दुकान कुणाच्या भरवशावर सोडायचं?" कधी रविवार पेठेतून फोन येतो, कधी भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराचा. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. नोकरदाराला रजेचा अर्ज टाकला की निघता येतं. ज्याच्या सहीशिवाय चेक वटत नाही, ज्याने मान हलवल्याशिवाय उधारीवर पोतं उचललं जात नाही, त्याची तयारी वेगळी असते आणि ती महिनाभर आधी सुरू करावी लागते.

मी साधिका आहे, सेवेलाही जाते, पण आचार्य नाही. म्हणून श्वास कसा बघायचा, संवेदना कशा बघायच्या, हे इथे सांगणार नाही. ते शिबिरातच शिकावं. मी सांगणार आहे ते शिबिराच्या दारापर्यंत कसं पोचायचं, आत कसं टिकायचं आणि परत येऊन गल्ल्यावर कसं बसायचं, एवढंच.

गोयंकाजींनी धंदा केव्हा सोडला, हे आधी बघा

शिबिराला निघालेल्या बऱ्याच व्यापाऱ्यांच्या मनात एक विचार दडलेला असतो. ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या गोयंकाजींनी धंद्यावर पाणी सोडलं आणि त्यांना शांती मिळाली, आपणही वसुलीला आणि नोटिशींना कंटाळलो आहोत, बघू तर जाऊन. हा विचार घेऊन जाऊ नका. त्यांच्या आयुष्यातल्या तारखा ओळीने लावल्या की का ते कळेल.

सत्यनारायण गोयंका जन्मले ३० जानेवारी १९२४ रोजी, ब्रह्मदेशातल्या मंडालेत. आपल्याला मंडाले ठाऊक टिळकांच्या तुरुंगवासामुळे. गोयंकांचं मारवाडी कुटुंब तिथे व्यापारात होतं. घरचं वातावरण कडक सनातनी. तरुण वयातच ते मोठे उद्योजक झाले, व्यापाऱ्यांच्या संघटनांची पदं सांभाळू लागले आणि त्याच काळात मायग्रेनने त्यांना धरलं. दुखणं एवढं जबर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टर करून झाले, गुण आला नाही. मग एका मित्राने त्यांना रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे धाडलं. ऊ बा खिन भिक्खू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, घरसंसार असलेले गृहस्थ. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी या बड्या शेठजींना स्पष्ट सांगितलं. मन निर्मळ करण्यासाठी या; दुखणं जायचं तर त्यात आपोआप जाईल.

१९५५ च्या सप्टेंबरात गोयंका पहिल्या शिबिराला बसले. दुसऱ्याच दिवशी तिथून निघून जावं असं त्यांना वाटलं होतं; शेजारच्या एका साधकाने आग्रह केला म्हणून ते थांबले. हे ते स्वतःच सांगत असत. शिबिर संपलं आणि ते काय करू लागले? पुन्हा आपल्या पेढीवर जाऊन बसले. पुढची कितीतरी वर्षं धंदा आणि साधना दोन्ही चालू होतं. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांचे कारखाने सरकारजमा झाले. एवढा फटका बसूनही त्या काळाबद्दल ते आनंदाने बोलत, कारण गुरूजवळ बसायला आता भरपूर वेळ मिळू लागला होता. १९६९ मध्ये गुरूंनी त्यांना आचार्य म्हणून भारतात पाठवलं. ३ जुलै १९६९ ला मुंबईत पहिलं शिबिर लागलं, चौदा माणसांचं, त्यात त्यांचे आईवडील होते. पहिल्यांदा डोळे मिटून बसल्यापासून शिकवायला लागेपर्यंत मध्ये चौदा वर्षं गेली होती. कंटाळून, रुसून किंवा कर्ज झालं म्हणून त्यांनी काही टाकून दिलं नव्हतं.

त्यांच्या गुरूंचं उदाहरण तर आम्हा भुसारवाल्यांना आणखी जवळचं आहे. ऊ बा खिन यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी सोडली नाही. एकाच वेळी दोन-तीन सरकारी खाती त्यांच्याकडे असत. कचेरीतल्या लोकांना ध्यानाला बसता यावं म्हणून त्यांनी कचेरीतच सोय केली होती. आणि १९५६ मध्ये सरकारच्या शेतमाल खरेदी-विक्री मंडळाचं अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं. हे मंडळ मुख्यतः तांदळाचा व्यवहार बघायचं, आणि तिथला कारभार नासला होता म्हणूनच या माणसाला तिथे बसवलं. तांदळात काय काय होऊ शकतं ते मला माहीत आहे. वजनात मारता येतं, ओलाव्यात मारता येतं, तुकडा मिसळून प्रत बदलता येते, पावती एका भावाची आणि व्यवहार दुसऱ्या भावाचा करता येतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या तांदूळ निर्यातदारांपैकी एका देशाचा तांदूळ ज्याच्या हाताखालून जात होता, तो माणूस उरलेल्या वेळात लोकांना ध्यान शिकवत होता. त्यांच्या आधीचे सया तेजी, तेही भिक्खू नव्हते; रंगूनच्या पलीकडच्या गावातले शेतकरी होते. ही सगळी परंपरा हातात काम असलेल्या माणसांची आहे, हे मनात पक्कं ठेवून फॉर्म भरा.

आणखी एक गोष्ट पुणेकर म्हणून सांगते. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून परतल्यावर २५ डिसेंबरला त्यांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. गोयंका त्याच रंगूनमध्ये पहिल्या शिबिराला बसले, त्याच्या आधी जेमतेम नऊ महिने. आज आळंदीजवळच्या मरकळ केंद्राच्या धम्महॉलमध्ये, म्हणजे ध्यानाच्या हॉलमध्ये, माझ्या एका बाजूला देहूरोडच्या आजी असतात आणि दुसऱ्या बाजूला आळंदीच्या माळकरी बाई, तेव्हा मला हे नेहमी आठवतं आणि फार बरं वाटतं.

तारीख कशी निवडायची

म्हणायला दहा दिवस, पण आदल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. कॅलेंडरवर बारा दिवस धरा.

दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्याला ११ तारीख आणि २० तारीख चुकवता येत नाही. म्हणून २१ च्या आसपास सुरू होऊन पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या आत संपणारं शिबिर बघा. परत आल्यावर पगार आणि हमाली हातानेच वाटता येते, रिटर्नलाही वेळ उरतो. ३१ मार्चच्या आसपासचं शिबिर घेऊ नका, मन पूर्णवेळ स्टॉकमध्ये अडकतं. आमच्या व्यापारात दसरा-दिवाळी बाद, आणि उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचं धान्य भरतात तेव्हाही बाद. प्रत्येकाने आपापला मंदीचा महिना शोधावा. तो तुम्हाला पाठच असतो, फक्त त्या महिन्यात एरवी आपण गोदामाची रंगरंगोटी काढतो.

मरकळला जाणार असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीतून निघते तेव्हा आणि कार्तिक वद्यात समाधी सोहळ्याला आळंदीचे रस्ते माणसांनी भरलेले असतात, गाडी पुढे सरकत नाही. त्या दिवसांत नगर रस्त्याने लोणीकंदवरून, तुळापूरच्या बाजूने मरकळ गाठा.

कुठलं केंद्र

पुण्यातल्या माणसाला जवळची दोन. धम्मपुण्ण गावातच आहे, स्वारगेटला नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत. धम्मानंद मरकळला, आळंदीपासून आठेक किलोमीटर. तिसरं अर्थात इगतपुरीचं धम्मगिरी, जिथे १९७६ पासून शिबिरं होत आली आहेत. रेल्वेने जायचं तर बहुधा कल्याणला गाडी बदलावी लागते, रस्त्याने गेलात तर संगमनेर, सिन्नर, घोटी.

पहिल्या शिबिरासाठी मी व्यापाऱ्याला शहराबाहेरच जायला सांगते. स्वारगेटहून मार्केट यार्ड म्हणजे हाकेच्या अंतरावर. गाळा एवढा जवळ आहे हे माहीत असताना पाचव्या-सहाव्या दिवशी पाय आवरणं अवघड जातं. मरकळ तेवढं लांब आहे आणि घरच्यांना सोडायला-न्यायला तेवढं जवळही. दादावाडीची खरी गरज नंतर लागते, ते पुढे येईलच.

फॉर्म भरताना

अर्ज ऑनलाइन भरायचा, धम्म डॉट ऑर्गवर. जागा लवकर भरतात, म्हणून तारखा उघडल्या की लगेच भरा, आणि नाव लागूनही जमणार नसेल तर त्याच दिवशी रद्द करा. तुमच्या मागे कुणीतरी वाट बघत असतं.

तब्येतीचा रकाना खरा भरा, यावर मी फार आग्रही आहे. बीपीची गोळी, साखर, पाठीचं ऑपरेशन, झोपेची गोळी, डिप्रेशनचं औषध, घरात कुणाला न सांगितलेलं काही असेल तर तेही. धंदेवाला माणूस आजार लपवायला सरावलेला असतो, कारण बाजारात कळलं तर माल देणारे हात आखडता घेतात. हा फॉर्म बाजारात जात नाही. मनाचा गंभीर आजार असेल तर हे शिबिर तुमच्यासाठी नाही. आधी डॉक्टर, उपचार. दहा दिवसांचं मौन हे औषध नव्हे, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करून तर मुळीच जाऊ नका. साखर असणाऱ्यांनी संध्याकाळच्या खाण्याबद्दल आधीच विचारून घ्यावं.

दुकान हवाली करणं

हा या लेखाचा गाभा आहे, कारण ऐनवेळी माघार घेतात ती इथेच.

आत गेलात की मोबाइल जमा करायचा असतो. तो बारा दिवस कपाटात असेल, आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच मोबाइलवर येतात. बँकेचा, जीएसटीचा, पोर्टलचा. याचा विचार शिबिराच्या आदल्या रात्री करून उपयोग नाही. बँकेत दुसरा सही करणारा जोडायला आणि त्याचा नंबर लागायला वेळ जातो, म्हणून महिनाभर आधी बँकेत जा. माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलासाठी पोर्टलवर सब-युजर काढा, म्हणजे दिवाणजी आपल्या लॉगिनवरून बिल काढू शकतात. जीएसटीचं जे भरायचं ते आधीच भरून टाका. कोरे चेक सह्या करून ठेवू नका. ठेवणारे ठेवतात, आणि मग ध्यानाला बसल्यावर ते चेकच डोळ्यांपुढे येतात.

त्यानंतर एक कागद. आमच्या दिवाणजींच्या टेबलावरच्या काचेखाली मी तो सरकवून जाते. एकाच बाजूला लिहिलेला, त्यावर चारच गोष्टी. उधारी कुणाला द्यायची, त्या पार्ट्यांची नावं आणि प्रत्येकापुढे जास्तीत जास्त आकडा. यादीत नाव नसेल त्याला रोखीने. भाव किती खाली आला तर विकायचं थांबायचं आणि किती वर गेला तर नवी खरेदी करायची नाही. कुणाचं देणं कोणत्या तारखेला. आणि काही अडलं तर माझ्या जागी शेवटचा शब्द कुणाचा. हा शेवटचा माणूस एकच असावा. दोन नावं लिहिलीत तर दोघांत वाद होतो किंवा दोघंही एकमेकांवर ढकलतात. माझ्याकडे ते नाव धाकट्या दिरांचं असतं.

पार्ट्यांना खरं सांगा. "बाहेरगावी आहे, फोन लागणार नाही" असं गुळमुळीत सांगितलं की बाजारात वेगळीच कुजबुज सुरू होते. मी सरळ सांगते, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विपश्यनेला जाते आहे, तुमचं पेमेंट त्या आधी सोडते. ज्यांचं देणं मध्ये येतं त्यांचं आधीच देऊन टाकते. आपल्याला येणं असेल ते मात्र आल्यावर मागायचं, नाहीतर वसुलीची यादी डोक्यात घेऊन बसावं लागतं.

केंद्राच्या कार्यालयाचा नंबर घरातल्या एकाच माणसाकडे द्या आणि तो कशासाठी वापरायचा ते त्याच्याशी बोलून ठरवा. जिवावरचं काही असेल तर केंद्रातून निरोप आत पोचतो. तुरीचा भाव क्विंटलमागे पडला, हा निरोप नव्हे. घरी वयस्कर कुणी असेल तर त्यांच्या औषधांचा, डॉक्टरांचा कागद वेगळा करा. शाळेतली मुलं असतील तर आईचा किंवा बाबांचा फोन येणार नाही हे त्यांना आठवडाभर आधी सांगा आणि कॅलेंडरवर परतीच्या तारखेला त्यांच्याच हाताने खूण करायला द्या. मुलं समजून घेतात.

बॅग

सैल सुती कपडे, खांदे आणि गुडघे झाकणारे. शाल, कारण पहाटेचा हॉल गार असतो आणि मरकळला नदीकाठचा गारठा जास्त. सहज निघणाऱ्या चपला. दिवसातून कितीतरी वेळा हॉलबाहेर काढाव्या लागतात, लेसचे बूट आणू नका. गजराचं साधं घड्याळ, टॉर्च, पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री, नेहमीची औषधं. अत्तर, वासाचं तेल नको. वही, पेन, पुस्तक, पोथी, जपमाळ काही नाही. गळ्यातल्या तुळशीच्या माळेबद्दल माळकरी मंडळींना काळजी असते. त्यांनी नोंदणीच्या वेळी मोकळेपणाने विचारावं. नामस्मरण त्या दहा दिवसांपुरतं बाजूला ठेवायला सांगतात. नाम वाईट म्हणून नव्हे. श्वास नुसता जसा आहे तसा बघायचा असतो, त्याला कुठलाही शब्द, आकडा किंवा मूर्ती जोडायची नसते. आळंदीच्या त्या माळकरी बाई मला शेवटच्या दिवशी म्हणाल्या होत्या की ज्ञानोबांच्या समाधीपुढे बसताना आता मन पूर्वीसारखं इकडेतिकडे पळत नाही. ज्याला त्याला आपापलं मिळतं.

आतले दहा दिवस

पहाटे चारला घंटा. साडेचारला बसायचं. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला नव्या साधकांना चहा-दूध आणि फळ किंवा चुरमुरे. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, दुपारनंतर काही खायला नाही, फक्त लिंबूपाणी. संध्याकाळी सातला गोयंकाजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. हत्या, चोरी, खोटं बोलणं, नशा आणि ब्रह्मचर्यभंग टाळण्याचे पाच नियम, आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन. खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरेने बोलणंही नाही. अडचण असेल तर सेवकांशी किंवा आचार्यांशी जरूर बोलता येतं.

भूक आणि पहाटेचं उठणं याची लोक उगाच धास्ती घेतात. यार्डातला माणूस तसाही पहाटे उठतो. कठीण असतं ते दुसरंच. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, आणि त्या शांततेत धंदा जेवढ्या जोराने वर येतो तेवढा गल्ल्यावर बसूनही कधी येत नाही. जुनी बुडीत पार्टी, भावाने वाटणीत केलेलं काही, मुनिमाला भर दुकानात बोललेले शब्द. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना पळावंसं वाटतं. मग सहाव्याला पुन्हा. तेव्हा ठरवून एक गोष्ट करा. दुपारी बारा ते एक सहायक आचार्य भेटतात, तिथे आपलं नाव लिहा आणि जाऊन जे वाटतंय ते जसंच्या तसं सांगा. सेवेला असताना मी पाहिलं आहे, ज्यांनी नाव लिहिलं ते बहुतेक थांबले. न बोलता मनातल्या मनात बॅग भरत राहिलेली माणसं हरवल्यासारखी फिरत राहतात.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. त्यानंतर रोज तीन वेळा एक-एक तास अधिष्ठानाचा; हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचा निश्चय. यातली पहिली वेळ कशी असते ते सांगते. वीसेक मिनिटांनी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू होतो. तो तिथेच राहत नाही, मांडीत सरकतो, घोट्यात उतरतो, तापतो. घाम येतो. मन म्हणतं, शीर तुटेल, पाय निकामी होईल. आणि लक्ष न हटवता बघत राहिलं की दिसतं, हा ठणका सलग नाहीच, तो येतो-जातो, दर क्षणी वेगळा आहे. पायाखाली मुंग्या येतात, मग त्याही जातात. घंटा होते, पाय मोकळा केला की दोन मिनिटांत चालता येतं. मला वसुलीचा राग पहिल्यांदा कळला तो या तासात. रागाच्या वेळी छातीत नेमकं हेच होतं, आणि मी आजवर त्या ठणक्याशी भांडत होते, पार्टीशी नव्हे. खरा गुडघ्याचा आजार असेल तर खुर्ची मागा. तिचा कमीपणा कुणी मानत नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं. सगळे एकदम बोलू लागतात. फोन परत मिळतो तेव्हा लगेच दुकानात लावू नका, आधी घरी लावा.

दान

शिबिराची फी नसते. राहणं, जेवण कशाचेच पैसे घेत नाहीत, आणि ज्याने एकही पूर्ण शिबिर केलेलं नाही त्याच्याकडून दानही घेत नाहीत. शिकवणाऱ्यांनाही काही मोबदला नसतो, त्यांचं पोट त्यांच्या त्यांच्या कामावर. व्यापाऱ्याला इथे दोन मोह होतात. एक, खर्च किती आला असेल याचा मनात हिशेब मांडून तेवढंच द्यायचं. दुसरा, मोठा आकडा देऊन पाटी लागेल का ते बघायचं. तुम्हाला जे मिळालं ते पुढच्या कुणाला तरी मिळावं, एवढ्याच भावनेने जे सहज देता येईल ते द्या. कर्ज असलेल्याने थोडं दिलं तरी चालतं.

परत आल्यावर

पहिल्या दिवशी दुकानात अर्धा दिवसच बसा. दिवाणजींनी जे निर्णय घेतले ते मोडू नका, नुकसान झालं असलं तरी. तुम्ही अधिकार देऊन गेला होतात.

सांगितलेलं असतं की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायचं. दुकानदाराला संध्याकाळचा तास जड जातो. माझा उपाय म्हणजे गाळा बंद केल्यावर घरी पोचून आधी बसायचं, मग जेवायचं. जेवून बसलं की झोप येते. आणि एकट्याने टिकत नाही म्हणून दादावाडीला सामूहिक साधनेला जा. जुन्या साधकांसाठी एकदिवसीय शिबिरं असतात, त्यांच्या तारखा केंद्रात विचारून कॅलेंडरवर टाका. यार्डातून रिक्षाने काही मिनिटांत पोचता येतं, सबब उरत नाही.

बसण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शील, आणि ते गल्ल्यावरच पाळायचं असतं. बुद्धाने गृहस्थाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्या-माणसांच्या खरेदी-विक्रीचा, मांसाचा, नशेच्या पदार्थांचा आणि विषाचा. आपण डाळ विकतो म्हणून आपण सुटलो असं नाही. पोत्यावर तीस किलो लिहिलंय तर आत तीस भरायला हवं. गेल्या हंगामाचा तांदूळ जुना म्हणून विकायचा तर तो जुनाच हवा. नव्याला जुना म्हणायचं नाही. "माझी खरेदीच एवढ्याची आहे" हे वाक्य आमच्या तोंडात दिवसातून कितीदा येतं ते आठवा. ते सोडायला मला फार जड गेलं. त्याऐवजी आता मी एवढंच म्हणते, "मला यात परवडत नाही." गिऱ्हाईक ऐकतं किंवा जातं. संध्याकाळी डोळे मिटल्यावर मात्र फरक स्पष्ट जाणवतो.

धंदा सोडावासा वाटलाच तर

वाटेल. शिबिरानंतरच्या महिन्यात बऱ्याच जणांना वाटतं. घरच्यांना तेव्हाच धडकी भरते. त्या महिन्यात कुठलाही कागद करू नका, भागीदारीतून बाहेर पडू नका, गाळा भाड्याने देऊ नका. रोजची बैठक न चुकवता वर्ष जाऊ द्या, दुसरं शिबिर करा, मग बघा ती ओढ टिकते का. टिकली तर आधी देणी फेडा, बायको किंवा नवरा काय म्हणतो ते नीट ऐका, दुकानातल्या माणसांची सोय लावा. हमाल, दिवाणजी, ड्रायव्हर यांची घरं तुमच्या गाळ्यावर चालतात. तुमच्या शांतीची किंमत त्यांनी का मोजावी? आणि धम्माच्या कामातून एक पैसा घरी येणार नाही हे गृहीत धरून हिशेब मांडा.

तोवर सेवा करा. एक पूर्ण शिबिर केलेल्या कुणालाही धम्मसेवक होता येतं. स्वयंपाकघरात भाजी चिरणं, हॉल झाडणं, पहाटेची घंटा वाजवणं, नव्या साधकाला टॉर्चचे सेल आणून देणं. यार्डात पन्नास माणसांवर हुकूम चालवणाऱ्याला कुणी सांगेल ते करायला जमतं का, हे तिथे कळतं. अर्ज त्याच ठिकाणी भरायचा, साधकाऐवजी सेवक निवडून. आणि पूर्ण दहा दिवस निघत नसतील तर कमी दिवसांसाठीही घेतात, फक्त आधी केंद्रात फोन करून विचारा.